खाडीकाठचं घर कसं बेतावं

खाडीकाठची जागा दाखवायला नेतात ती बहुधा डिसेंबरात, सकाळी, आणि भरतीची वेळ साधून. पाणी काठोकाठ भरलेलं, पलीकडे माडांची रांग, मध्ये एखादी होडी. बघणारा तिथेच पाघळतो. तीच जागा मे महिन्यातल्या ओहोटीला बघा. पाणी पार मध्ये गेलेलं, समोर दोनशे फूट काळा चिखल, त्यात खेकड्यांची बिळं आणि चिखलाचा तो खास वास. मग जुलैच्या अमावस्येला, वरून पाऊस कोसळत असताना पुन्हा एकदा बघा. तिन्ही वेळा बघूनही जागा हवीशी वाटली तर पुढचं वाचा.

हा लेख पाण्याकाठी पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी आहे. गावच्या जमिनीत घर बांधू पाहणारे चाकरमानी, चार खोल्यांचं पर्यटक निवास काढू पाहणारे, आणि आर्किटेक्चरची पदवी नुकती हातात पडलेली मुलं. उदाहरणं मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाड्यांची आहेत, कारण माझी बहुतेक कामं तिथली. नदीकाठी किंवा तळ्याकाठी बांधणार असाल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

‘निसर्गाशी एकरूप घर’ म्हटलं की लोक मला मोबाइलवर फोटो दाखवतात. मजल्याएवढी काच आणि समोर पाणी. मी म्हणतो, खिडकीचं मागाहून बघू. पाणी कुठवर येतं आणि आपण कुठे थांबायचं, एवढं आधी ठरवू. घर भोवतालात मुरतं की उपरं दिसतं हे बरंचसं याच एका निर्णयात ठरून जातं.

१. एक वर्ष पाणी बघा

वर्ष म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. निदान एक पावसाळा तरी थांबा. जमीन घेतलेली असेल तर तेवढ्यात कागदपत्रांची कामं होतात, वेळ फुकट जात नाही.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बारा. दुसरी भरती त्यानंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीच्या मुखापासून जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. तुमच्या जागी किती उशिरा, ते दोन-चार दिवस काठावर बसून स्वतःच टिपा.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची भरती उधाणाची, अष्टमीच्या आसपासची भांगाची. उधाणात पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, भांगात दोन्ही कमी. म्हणून अष्टमीला जागा बघून आलेल्या माणसाला पाणी किती वर येतं याची काही कल्पना नसते.

काय करायचं? बांबूचे पाच-सहा खुंट घ्या आणि पाण्यापासून वर चढत एका रेषेत ठोका. प्रत्येक उधाणाला पाणी कुठल्या खुंटापर्यंत आलं ते तारखेसह वहीत लिहा. खुंटांच्या उंचीतला फरक गवंड्याच्या लेव्हल ट्यूबनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, काढता येतो. हे काम गवंड्यावर सोपवू नका, स्वतः करा. हातानं मोजलेली उंची डोक्यात राहते.

जागाही बरंच सांगते. भरतीनं आणून टाकलेल्या काटक्या, शेवाळ आणि प्लॅस्टिकची एक रेघ काठाला समांतर दिसते, ती नेहमीच्या उधाणाची. तिच्या वर आणखी एक जुनी, अर्धी मातीत गेलेली रेघ सापडली तर ती एखाद्या वाईट दिवसाची. तिवर-चिपीची झाडं जिथे संपतात तिथे खाऱ्या पाण्याची रोजची सत्ता संपते. जुन्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीवर खाली पांढरट मिठाची फुली आलेली असेल तर तीही मोजा.

आणि शेजारच्या आजोबांना विचारा. पण ‘इथे पूर येतो का’ असं विचारू नका. जमीन विकली जात असताना गावात या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर देत नाही. ‘२००५ ला पाणी कुठवर आलं होतं? २०२१ ला?’ असं विचारलं की ते उठून हात करून दाखवतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला काय झालं ते आठवा. वरून वाशिष्ठी आणि शिवनदीचा लोंढा, खालून भरती. पाण्याला उतरायला वाट नाही, आणि पाणी दुकानांच्या पहिल्या मजल्याला टेकलं. समुद्रापासून आत असलेल्या खाडीकाठच्या गावांना खरं भय या जोडीचं असतं. एकटी भरती किंवा एकटा पाऊस सहसा निभावून नेता येतो.

२. कायद्याच्या रेषा नकाशावर आधी मारा

हा भाग रुक्ष आहे, पण टाळला तर पुढचं सगळं फुकट.

समुद्र आणि खाडीकाठच्या बांधकामाला सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) लागू होतं. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. ज्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर झालेला असतो तिथे ती लागू होते, तोवर २०११ चे नियम चालतात. म्हणून पहिला प्रश्न: माझ्या गटाला कुठला मंजूर नकाशा लागू आहे?

ग्रामीण भागात, २०११ प्रमाणे, भरतीरेषेपासून जमिनीकडे, समुद्रकाठी २०० मीटर आणि खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांतलं जे कमी असेल तेवढं ना-विकास क्षेत्र. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त लोक असतील तिथे, समुद्राकडचं अंतर ५० मीटरवर आलं. बाकी ठिकाणी ते २०० मीटरच राहिलं. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. इथली ‘भरतीरेषा’ म्हणजे तुमच्या खुंटांची रेषा नव्हे. अधिकृत संस्थेनं आखून नकाशावर दिलेली रेषाच धरली जाते. ना-विकास क्षेत्रात आधीपासून अधिकृत घर असेल तर त्याची दुरुस्ती किंवा आहे त्याच जोत्यावर पुनर्बांधणी करता येते. म्हणून काठावरचं जुनं, पडकं पण कागदोपत्री असलेलं घर पाडायची घाई करू नका.

कांदळवनाला हात लावायचा नाही. ते सीआरझेडच्या सर्वांत कडक वर्गात येतं, एका सलग पट्ट्याचं क्षेत्र १००० चौरस मीटरहून जास्त असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव असतो, आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनतोडीला बंदी घातलेली आहे. ‘दोन-चार तिवरं तर काढायचीत, पाणी दिसायला’ असं कुणी म्हणालं तर दुसरा माणूस बघा.

नदीकाठी पूररेषा बघायच्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही. निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये अटींवर बांधता येतं. नकाशा पाटबंधारे खात्याकडे मिळतो. सातबारा, बिनशेती, मोजणी ही नेहमीची कामं आहेतच, त्यावर वेगळं लिहीत नाही.

‘आधी बांधू, मग बघू’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. कोचीजवळ मरडूला वेंबनाड तलावाच्या काठावर उभे असलेले चार बहुमजली गृहसंकुल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जानेवारी २०२० मध्ये सुरुंग लावून पाडले. त्यांत कर्ज काढून राहायला आलेले लोक होते. मी नव्या गिऱ्हाइकाला तो व्हिडिओ दाखवतो, पुढची बैठक लवकर संपते.

या रेषा शत्रू मानू नका, एवढंच मला वाटतं. माझ्या प्रत्येक आराखड्यावर पहिल्या ओळी त्यांच्याच असतात, आणि घर जिथे असायला हवं होतं तिथेच त्या बहुतेक वेळा ते ढकलतात.

३. घर मागे, झाडं मध्ये

कोकणातलं जुनं गाव वरून बघा. पाण्याला लागून खाजण (भरतीचं पाणी शिरणारी सखल जमीन) किंवा पुळण (वाळूचा काठ), मग केवडा, उंडी, भेंडीची झाडं, मग माडाची वाडी, आणि घर त्या वाडीच्या मागच्या अंगाला, जमीन चढू लागते तिथे. काठावर होडी ओढायची जागा, जाळी सुकवायचे बांबू, फार तर एक मांगर. घरातून पाणी सरळ दिसत नसे. त्या लोकांना सौंदर्याची जाण नव्हती असं नाही. त्यांना वादळाची जाण होती.

तुमच्या जागेचेही असेच पट्टे पाडा. पहिला पाण्याचा, तिथे काहीही पक्कं नको. दुसरा झाडांचा. तिसरा घराचा, शक्यतो शेवटच्या मोठ्या झाडांच्या मागे. आहेत ती झाडं मोजून, खोडाच्या घेरासह नकाशावर घ्या आणि मग घराचा आकार त्यांच्यामधून काढा. एक पन्नास वर्षांची उंडी वाचवायला खोली तीन फूट सरकवावी लागली तर सरकवा. समुद्राकाठी वाळूच्या टेकडीवर पसरलेली मर्यादावेल म्हणजे तण नव्हे, ती वाळू धरून ठेवते. ती काढून लॉन लावणारे लोक दोन वर्षांनी वाळूच्या गोणी रचताना दिसतात.

काठाला उभी काँक्रीटची संरक्षक भिंत घालायचा मोह होतो. उभ्या भिंतीवर लाट आपटते, परत फिरते आणि पायथ्याची माती घेऊन जाते. शिवाय भिंत जिथे संपते तिथून शेजाऱ्याची जमीन खचू लागते. हद्द दाखवायची असेल तर गडगा घाला. सिमेंटशिवाय रचलेल्या दगडांतून पाणी जातं, मुंगूस जातं, वर फर्न उगवतात, आणि पडला तर दुपारभरात पुन्हा रचता येतो.

नजरेचं काय? झाडांआडून तुकड्या-तुकड्यानं दिसणारं पाणी सलग दिसणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त दिवस बघावंसं वाटतं, असा माझा अनुभव. आपल्याकडचं काठावरचं पाणी बहुधा पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन थेट येतंच, वर पाण्यावरून उलटूनही येतं. पूर्ण काचेच्या दिवाणखान्यात तेव्हा पडदे ओढून एसी लावून बसावं लागतं. काचेवर खाऱ्या वाऱ्याची साय धरते ती वेगळीच.

श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. दांबुल्लाजवळच्या हॉटेलासाठी सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकालगतची जागा सुचवली गेली होती. त्यांनी ती नाकारली आणि कांडलामा तळ्याच्या पलीकडची कड्याची बाजू घेतली, जिथून तो खडक दूर, पाण्यापलीकडे दिसतो. इमारत कड्याला चिकटून लांबत जाते आणि वेलींनी आज इतकी झाकली गेली आहे की तळ्यातून पटकन ओळखू येत नाही. जवळचं उदाहरण हवं असेल तर पणजीला कला अकादमीत जा. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी मांडवी नदीकाठी एवढी मोठी वास्तू बसवली ती बुटकी ठेवून. रस्त्यावरून मांडवाखालून शिरायचं आणि मोकळ्या फॉयरमधून (प्रवेशदालनातून) चालत नदीपाशी निघायचं, दार असं मध्ये येतच नाही.

४. आराखड्याआधी छेद काढा

नवशिके आर्किटेक्ट खोल्यांच्या मांडणीपासून सुरुवात करतात. पाण्याकाठी आधी छेद काढायचा, म्हणजे जमीन आणि पाणी सुरीनं कापून बाजूनं बघितल्यासारखं चित्र. यावरच मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

उदाहरण घेऊ. नेहमीच्या उधाणाची रेघ शून्य धरा. समजा आजोबांनी दाखवलेली २०२१ ची खूण तिच्यापासून १.२ मीटर वर आहे. तिच्यावर मी निदान ६० सेंटीमीटर सोडतो. थोडं लाटांसाठी, थोडं आजोबांच्या आठवणीतल्या चुकीसाठी, आणि थोडं वाढत्या समुद्रासाठी. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली, आणि वाढीचा वेग वाढतोच आहे. म्हणजे राहत्या घराची जमीन शून्यापासून १.८ मीटरवर. जागा स्वतःच १ मीटरवर असेल तर जोतं ८० सेंटीमीटरचं, पाच-सहा पायऱ्या. हे जुन्या घरांच्या जोत्याइतकंच भरतं.

जोत्याऐवजी भराव टाकून सगळी जागाच उचलायची कल्पना हमखास निघते. नको. भरावानं वरून उतरणाऱ्या पाण्याची वाट अडते, ते शेजाऱ्याच्या घरात शिरतं, आणि झाडांची मुळं गुदमरून दोन-तीन पावसाळ्यांत झाडं वाळतात. खारभूमीच्या बांधाला लागून जमीन असेल तर उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, जागा आणि तिच्याकडे जाणारा चर आधी शोधा. गोव्याकडे हिला मानस म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी सोडायचं आणि भरतीला खारं पाणी अडवायचं, एवढं साधं यंत्र आहे, पण तो चर तुमच्या पाहुण्यांच्या खोलीखाली गेला तर सगळ्या गावाची शेती बुडते.

उतार जास्त असेल तर घर दोन पायांवर उभं करा. डोंगराकडची बाजू जोत्यावर, पाण्याकडची खांबांवर, खालून पाणी आणि वारा जायला मोकळं. त्या मोकळ्या जागेला पुढे भिंती घालून खोली करायची नाही, असं मालकाकडून वदवून घ्या. दहातले सहा घालतात.

आता महत्त्वाचं: सगळंच पाण्यापासून वाचवायचं नसतं. काय भिजलं तर चालेल, याची यादी करा. खळं, कपडे धुवायचा दगड, होडीची शेड, बागेतलं बाकडं चालेल. मीटरची पेटी, पंप, इन्व्हर्टर, सेप्टिक टाकीचं झाकण, धान्य मुळीच नाही. विजेचे बोर्ड कंबरेच्या वर ठेवा आणि वायर वरून खाली आणा.

ही भिजू द्यायची कला आपल्याकडे घाटांनी शिकवली आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेकाठी आहे. वाडा मागे, भिंतीआड, आणि पुढे घाटाच्या पायऱ्या नदीत उतरत गेलेल्या. उन्हाळ्यात पाणी खालच्या पायरीला, पुरात कितीतरी वर, आणि प्रत्येक वेळी बसायला एक कोरडी पायरी शिल्लक. एकच रेषा धरून बांधलेला काठ वर्षातले दोन दिवस सोडले तर चुकीचाच असतो, कधी पाणी फार खाली, कधी फार वर. परवानगी मिळत असेल तर काठाकडे उतरणारी साधी चिऱ्याची पाखाडी करा, रुंद आणि बसक्या पायऱ्यांची. कांदळवन मध्ये असेल तर पाखाडी तिथेच थांबवा, आणि पुढे होडीवाल्यांची जी जुनी वाट असेल ती वापरा.

५. छप्पर आणि पडवी

कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो पश्चिम-नैऋत्येकडून तिरका येतो. याला झड म्हणतात, आणि घराचा पश्चिमेचा चेहरा तिच्यासाठीच बेतायचा असतो. जुन्या घरात या बाजूला पडवी असते. माजघराची भिंत आणि पाऊस यांच्यात आठ फूट हवा. जूनच्या आधी पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायची पद्धत होती. आज बांबूच्या चटया किंवा फळ्यांच्या झडपा लावता येतात. पडवी हीच माझ्या मते पाण्याकाठच्या घराची खरी बैठक. पावसात बाहेर, पण कोरडं. दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे तिथून आरपार जावेत म्हणून समोरासमोर दारं ठेवा. मतलई वारा जमिनीकडून येतो हे विसरून मागची भिंत बंद केलेली घरं रात्री भट्टीसारखी तापतात.

कौलांचा उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे दहा फूट आडव्या मापाला पावणेसहा-सहा फूट चढ. वळचण लांब हवी, निदान अडीच-तीन फूट. इथे एक पेच येतो. पावसासाठी लांब वळचण चांगली, वादळात तीच वाऱ्याच्या हातात सापडते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. कौलं आणि पत्रे उडालेच, पण काही घरांत पडवीचं छप्पर उपटलं जाताना मुख्य छप्परही सोबत घेऊन गेलं. म्हणून दोन्ही छपरं वेगळी बांधा, पडवीचं खाली आणि स्वतंत्र, जुन्या घरांत असायचं तसंच. पडवी गेली तरी घर राहतं. मुख्य छपराचे वासे भिंतीवरच्या आडव्या तुळईला लोखंडी पट्ट्यांनी बांधा आणि ती तुळई खाली भिंतीत गाडलेल्या सळयांना. कौलांच्या कडेच्या आणि आढ्याच्या ओळी मसाल्यात पक्क्या करा, किंवा तारेनं बांधा.

६. खाऱ्या हवेत काय टिकतं

चिरा टिकतो. खाणीतून काढताना मऊ आणि हवा लागल्यावर घट्ट होणारा हा जांभा दगड. स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनननं मलबारात तो विटेसारखा कापताना पाहून १८०७ मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिलं, तेच लॅटराइट. त्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. चिरा पाणी पितो आणि सोडतो. गिलाव्यानं सोडायची वाट बंद होते, मग ओल आत येते आणि दोन-तीन वर्षांत गिलावाच फुगून पडतो. सांधे चुन्यात भरा आणि दगड उघडा ठेवा.

काँक्रीटमध्ये घात सळईचा होतो. खारं पाणी आत झिरपलं की सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. किनाऱ्यावर भारतीय मानक ४५६ प्रमाणे निदान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचाच थर. लाटांचे तुषार लागत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, आणि त्यात वाळूतलं पाणीही धरायचं. स्लॅग सिमेंट मिळालं तर घ्या.

आणि रेती. माझ्या सुरुवातीच्या एका कामात ठेकेदारानं खाडीची रेती न धुता वापरली. मला कळलं तेव्हा लिंटेल, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्ट्या, ओतून झाले होते, आणि मी ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून गप्प बसलो. पाचव्या पावसाळ्यात खिडक्यांवर तपकिरी रेघा आल्या, सातव्यात तुकडे पडू लागले. सगळे लिंटेल फोडून पुन्हा घातले, निम्मा खर्च माझ्या खिशातून. तेव्हापासून रेती जिभेवर ठेवून बघतो. लोक हसतात. शंका आली की नमुना प्रयोगशाळेत पाठवतो.

बिजागऱ्या पितळी. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर ३१६ प्रतीचं, ३०४ वर इथे डाग धरतात. लाकूड जुनं सागवान, ऐन, किंजळ किंवा फणस. पाडलेल्या घरांचे वासे गावोगावी स्वस्तात मिळतात आणि त्यांनी साठ पावसाळे आधीच काढलेले असतात. प्लायवूड बाहेरच्या अंगाला नको.

७. येणारं आणि जाणारं पाणी

किनाऱ्याजवळ विहिरीचं गोडं पाणी खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं तत्त्वतः चाळीस फूट वर सरकतं. म्हणून बोअर मारून पंप लावण्याआधी छपराचं पाणी साठवायची टाकी करा आणि विहीर हळूहळू उपसा. आज तुम्ही बेतलेलं पर्यटक निवास उद्या अख्ख्या वाडीच्या विहिरी खाऱ्या करू शकतं.

शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब, आणि चिऱ्याच्या सच्छिद्र कातळात त्याहूनही जास्त. पुळणीवर भूजल हाताच्या अंतरावर असतं, तिथे खड्डा खणण्याऐवजी टाकीतलं पाणी उंचावलेल्या वाफ्यातून कर्दळीच्या मुळांतून न्या. पागोळ्यांच्या रेषेखाली दगडगोट्यांचा चर करा, म्हणजे जोत्यावर चिखल उडणार नाही.

८. रात्र

समुद्रकाठी असाल तर दिवे बुटके, पिवळसर आणि फक्त खाली बघणारे लावा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तशी कोकणच्या आणखीही काही किनाऱ्यांवर. पिल्लं वाळूतून निघाली की उजेडाकडे चालतात. पूर्वी रात्रीचा उजेड पाण्यावर असायचा, आता तो हॉटेलांवर असतो. खाडीकाठी हाच नियम बगळ्यांच्या रातथाऱ्यांसाठी पाळा. पाण्याकडे रोखलेला फ्लडलाइट तर कुठेच नको, त्यानं पाणी दिसत नाही, किडे दिसतात.

९. राहायला गेल्यावर

मे अखेर छपराच्या पट्ट्या, कौलं आणि पन्हळ तपासा. गणपती झाले की खिडक्यांच्या बिजागऱ्या गोड्या पाण्यानं धुऊन तेल घाला. चिऱ्यांच्या सांध्यांत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसेल त्या दिवशी मुळासकट काढा, ‘उद्या’ म्हटलंत तर पुढच्या वर्षी ते भिंत फोडेल.

आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी सर्वांत वर जिथे येईल तिथे पाखाडीच्या चिऱ्यावर छिन्नीनं आडवी रेघ मारा, शेजारी साल कोरा. पुढच्या वर्षी रेघ वर गेली तर नवी मारा, खाली राहिली तर जुनीच ठेवा. रंगानं काढू नका, दोन उधाणांत धुऊन जाते.